ब्रश बदलून पट्टे जाणार नाहीत: मोठ्या कातड्याला सारखा रंग बसवण्याबद्दल

विट्याहून एकाने विचारलं आहे. एका वकिलांच्या ऑफिसातल्या टेबलावर चढवायला त्यांना कातडं रंगवायचं आहे. साडेपाच फूट लांब, तीन फूट रुंद, एकच सलग तुकडा, गडद तपकिरी. बेल्ट आणि पाकिटं ते नेहमी करतात आणि त्यांचा रंग चांगला येतो. तोच स्पिरिटचा रंग आणि तोच लोकरीच्या गोळ्याचा छोटा ब्रश त्यांनी इथे वापरला, पण मोठ्या तुकड्यावर सगळीकडे पट्टे उमटले. एका लांब कडेला कातडं जवळजवळ काळं झालं आणि मध्ये दोन ठिकाणी रंग धरलाच नाही. त्यांचा प्रश्न असा आहे: मोठा ब्रश घेऊ, एअरब्रश घेऊ, की रंगाची कंपनी बदलू?

यातलं काहीही एवढ्यात विकत घेऊ नका. तुमच्या वर्णनात एक नाही, तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पट्टे पडले कारण रंगाची ओली कड वाळल्यावर तुम्ही तिच्यावर पुन्हा हात फिरवलात, म्हणजे तिथे दोन हात बसले. एक कड काळी झाली कारण ती जनावराच्या पोटाची बाजू आहे आणि पोटाचं कातडं रंग जास्त पितं. मधल्या दोन जागांवर बहुतेक तेल, मेण किंवा सोल्यूशन (कातडं चिकटवायचा रबरी गोंद) लागलेलं असणार, म्हणून रंग आत गेलाच नाही. बेल्टच्या दीड इंची पट्टीवर हे दोष सहसा दिसत नाहीत. पट्टी पाठीच्या भागातून कापलेली असते आणि एका दमात रंगवून होते. सोळा-साडेसोळा चौरस फुटांवर मात्र काहीच लपत नाही.

म्हणजे खरा प्रश्न रंग कशाने लावायचा हा नाही. सगळं कातडं सारखं पिईल असं आधी कसं करायचं, हा आहे. मिरजेत आम्ही बॅगांबरोबर खुर्च्यांच्या बैठका, दिवाणांची आच्छादनं आणि अधूनमधून अशी टेबलं करतो. त्यावरून ठामपणे सांगतो, की मोठ्या कातड्याचा रंग बाटली उघडण्याआधीच ठरलेला असतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. तुमचं कातडं सालीत कमावलेलं आहे की क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं? बाभळीची साल, हिरडा, वॅटल अशा वनस्पतींच्या अर्कात कमावलेल्या कातड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी किंवा बदामी दिसते. क्रोमची कड बहुधा निळसर राखाडी असते. कातड्याला कारखान्यातच रंग दिला असेल तर कडेवरून समजत नाही. मग एक बारीक कतरण बाहेर मोकळ्यावर जाळून बघा. क्रोमची राख हिरवट येते, सालीच्या कातड्याचा काळा-करडा कोळसा होतो. क्रोमचं कातडं कारखान्यात मोठ्या फिरत्या पिंपात, गरम पाण्यात, आम्लाचं प्रमाण सांभाळून रंगवतात. ते हाताने सारखं रंगवायच्या भानगडीत पडू नका, हव्या त्या रंगाचंच विकत घ्या. पुढचं सगळं सालीच्या कातड्यासाठी आहे.

तेही कुठून आलंय यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या भागात चपलेचं कातडं सहज मिळतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर आपले सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. या चपलेसाठी पूर्वापार जे कातडं कमावतात ते पखालीसारखं शिवून, आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून, टांगून कमावतात. चपलेला ते उत्तमच. पण त्याचा मूळ रंगच जागोजागी कमीजास्त असतो, कडेला शिवणीची भोकं असतात आणि ते ताठ असतं. टेबलासाठी मी ते घेत नाही. तमिळनाडूकडून व्यापाऱ्यांमार्फत येणारं, बाजारात ज्याला ई. आय. (ईस्ट इंडिया) म्हणतात ते सालीत कमावलेलं कातडं, किंवा चांगल्या टॅनरीचं सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं घ्यावं.

आता तुमच्या काळ्या कडेकडे येतो. कातडं बहुतेक वेळा पाठीच्या कण्यावर मधोमध चिरून दोन साईड करून विकतात. साईडची एक लांब कड म्हणजे पाठीचा कणा आणि दुसरी कड म्हणजे पोट. म्हशीची साईड मोठी असली तरी तिची रुंदी साधारण तीन-साडेतीन फूट. त्यातून तीन फुटांचा सलग तुकडा काढायचा म्हटलं की पोट त्यात येणारच, तुम्ही कितीही जपून मांडणी केलीत तरी. अशा कामाला साईड घेऊच नका. न चिरलेलं पूर्ण कातडं मागा. मग कणा तुकड्याच्या मधोमध येतो, दोन्हीकडे पाठीचा आणि पुठ्ठ्याचा, म्हणजे जनावराच्या मागच्या बाजूचा, घट्ट भाग मिळतो, आणि दोन्ही पोटं कापून बाजूला ठेवता येतात. पूर्ण कातड्याला पैसे जास्त पडतात आणि व्यापारी कुरकुर करतो, कारण त्याला साईड विकणं सोपं जातं. तरीही मागा. उरलेल्या पोटांच्या आतल्या पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही.

तुकडा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा कापा. ओला होऊन वाळताना कातडं थोडं आकसतं आणि कडा नेहमी जास्त गडद होतात. त्या शेवटी कापून टाकायच्या. आणि रंग टेबलावर चिकटवायच्या आधी द्यायचा, नंतर नाही. सोल्यूशनचा एक थेंब वर आला तरी तिथे रंग कधीच बसणार नाही.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कातडं सपाट पसरा, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. साध्या ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब मानेजवळ, पाठीवर, पुठ्ठ्यावर आणि पोटाच्या कडेला टाका आणि नुसतं बघत राहा. पोटावरचा थेंब पडता पडता पसरतो आणि गडद डाग होऊन आत जातो. मानेच्या सुरकुत्यांत तो सुरकुतीच्या रेषेने धावतो. पुठ्ठ्यावर थोडा वेळ फुगून उभा राहतो, मग कडेकडून हळूहळू आत बसतो. आणि एखाद्या ठिकाणी तो मण्यासारखा तसाच बसून राहतो, बोट लावलं तर घरंगळतो. तिथे तेल, मेण किंवा आधीचं फिनिश आहे. तुमच्या त्या दोन फिकट जागांवर हा थेंब टाकला असता तर रंग लावायच्या आधीच कळलं असतं. थेंब न शोषणाऱ्या प्रत्येक जागेभोवती पेन्सिलीने नाही, दोऱ्याने खूण करा. पेन्सिलीची रेघ रंगाखालून दिसते.

मग सफाई. तेलकट जागेवर कोरडं कॉर्नफ्लोअर रात्रभर दाबून ठेवा, सकाळी झटका, गरज पडली तर पुन्हा ठेवा. सोल्यूशन असेल तर क्रेप रबराने रगडून उचला. पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका. वरचा दाणा, म्हणजे कातड्याचा वरचा घट्ट थर, फुटला की ती जागा आसपासच्या दुप्पट रंग पिते, आणि तो डाग फिकट डागापेक्षा वाईट दिसतो. त्यानंतर सगळं कातडं एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. कापड मळलं की बदला, नाहीतर एका जागचं तेल दुसरीकडे नेऊन पसरवाल.

बारीक निळे-काळे ठिपके दिसत असतील तर ते लोखंडाचे असतात. सालीतल्या टॅनिनला, म्हणजे कातडं कमावणाऱ्या द्रव्याला, ओलेपणात लोखंड लागलं की काळं पडतं. गंजकी कात्री, पाटावर वर आलेला खिळा, ग्राइंडरची उडालेली कीस, नळाच्या जुन्या पाइपातलं गंजाचं पाणी, काहीही पुरतं. यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं: अर्धा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा. हे पाणी ठिपक्यापुरतं लावायचं नाही, सगळ्या तुकड्यावर सारखं फिरवायचं, कारण ते जिथे लागतं तिथे कातडं थोडं उजळतं. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्या. ॲसिड विषारी आहे. हातमोजे घाला, बाटलीवर ठळक नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यात हा विषय सोपा नाही. कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे आणि अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड आणि खारट लागतं. असं पाणी वाळलं की कातड्यावर पांढुरके ओघळ राहतात आणि पाण्यातल्या रंगाची कणी धरते. मी यासाठी पिण्याचं जारचं पाणी वापरतो, पावसाळ्यात पत्र्यावर न पडलेलं, सरळ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी. एवढ्या कामाला पाणी लागतं तरी किती! तिथे काटकसर नको.

आता ओलावा. कोरड्या रानात पाट सोडला तर पाणी तोंडाशीच जिरतं आणि शेवटच्या सरीला पोचत नाही, एकदा रान ओलं झालं की मग ते सारखं धावतं. कातड्याचं तसंच आहे. अगदी कोरड्या कातड्यावर रंगाचा पहिला हात जिथे टेकतो तिथेच जास्त मुरतो. म्हणून दोन्ही बाजू स्पंजने सारख्या ओल्या करा, पाणी ओघळेल इतक्या नाही. सैल गुंडाळी करून प्लॅस्टिकमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी उघडून सपाट ठेवा. वरून रंग पुन्हा मूळचा दिसायला लागला, पण गालाला लावल्यावर गारवा जाणवतोय, ही रंग द्यायची वेळ. पावसाळ्यात, विशेषतः वाई-महाबळेश्वरकडच्या दमट हवेत, एका रात्रीपेक्षा जास्त गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते. आणि घाम! मे महिन्यात कपाळावरून पडलेला एक थेंब ओल्या कातड्यावर गोल डाग सोडतो. डोक्याला पंचा बांधा, हाताला केसाचं तेल लागलेलं नको.

मोठ्या कामात स्पिरिटचा रंग की पाण्यातला रंग, हे हवेवर आणि हातावर अवलंबून आहे. पाण्यातला रंग हळू वाळतो, म्हणून ओली कड सांभाळायला वेळ मिळतो. पण तो कमी खोल जातो आणि कातडं जास्त ताठ करतो. स्पिरिटचा रंग खोल जातो, पक्का बसतो, पण सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी तो हात उचलेपर्यंत वाळलेला असतो. तुमचा हात स्पिरिटच्या रंगावर बसलेला आहे, तर तोच ठेवा. फक्त आहे तसा वापरू नका. एक भाग रंगाला तीन भाग त्याच कंपनीचं पातळ करायचं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. गडद तपकिरी एका हातात आणायचा हट्ट हेच पट्ट्यांचं मूळ आहे. पातळ रंगाचे चार-पाच हात दिले की प्रत्येक हाताची चूक पुढच्या हातात मिसळून जाते. घट्ट रंगाचा एक हात दिला तर जी चूक झाली ती तशीच राहते.

रंग किती लागेल तेही आधीच काढता येतं. त्याच कातड्याच्या कापून टाकायच्या भागातून, पोट सोडून, एक चौरस फुटाचा तुकडा घ्या, त्याची सफाई आणि ओलावा अगदी तसाच करा आणि मोजून रंग द्या. जितके मिलीलिटर लागले त्याला क्षेत्रफळाने गुणा आणि वर पाव हिस्सा धरा. सगळा रंग एकदाच, एकाच प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा. अर्ध्यात रंग संपला आणि पुन्हा कालवला तर तो जुळत नाही, कितीही मापात घातला तरी. भांडं लोखंडी नको, कारण वर सांगितलंच. नमुन्याच्या तुकड्याचा रंग लगेच ठरवू नका. ओला रंग नेहमी गडद दिसतो, खरा रंग दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर आणि हलकं तेल दिल्यावर कळतो. तोच तुकडा गिऱ्हाईकाला दाखवून त्यांच्याकडून होकार घ्या.

आता तुमचा ब्रश. लोकरीचा गोळा छोट्या कामाला ठीक आहे, मोठ्या कामाला तो चुकीचाच. तो सुरुवातीला भळाभळा सोडतो आणि वीतभर पुढे गेल्यावर कोरडा होतो. त्याऐवजी बोचकं वापरा. आत स्वच्छ कापसाचा गोळा, वर जुन्या, खूप धुतलेल्या सुती कापडाचं दोन पदरी वेष्टन, आकार मुठीत बसेल एवढा. मिरजेत सतारीला आणि तंबोऱ्याला चपड्याचं (लाखेचं) पॉलिश देणाऱ्या कारागिरांचा हात एकदा उभं राहून बघा. बोचकं भरून घेतात, आधी पाटावर टेकवून जास्तीचा भार काढतात, मग भोपळ्यावर ते सरकतच उतरतं आणि सरकतच उचललं जातं. थांबलेल्या स्थितीत ते पृष्ठभागाला कधीच टेकत नाही. चपडाही स्पिरिटमध्येच असतो, तो थांबलेल्या बोचक्याची खूण लगेच धरतो. कातड्यालाही हीच शिस्त लागते. बोचकं हलतंय तेव्हाच कातड्याला टेकवायचं आणि हलतंय तेव्हाच उचलायचं.

पहिला हात लांबीच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता. पुढची ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवा, आणि ती ओली असतानाच. साडेपाच फुटांची ओळ संपवून परत यायला वेळ लागतो, तेवढ्यात आधीची कड वाळू शकते. म्हणून असं काम एकट्याने करू नये. एकजण बोचकं चालवतो, दुसरा दुसरं बोचकं भरून हातात देतो आणि भांडं पुढे सरकवत राहतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्ये कुणी आलं तरी थांबायचं नाही. दुसरा हात आडवा, रुंदीच्या दिशेने. तिसरा बारीक गोल फिरवत. दोन हातांच्या मध्ये एवढंच थांबा की वरून चकाकी जाईल, पूर्ण वाळू देऊ नका. मानेच्या सुरकुत्या आणि गोचिडाच्या खुणा थोडा जास्त रंग धरतील, तो कातड्याचा स्वभाव आहे. तिथे रंग कमी लावून झाकायचा प्रयत्न केलात तर भोवती फिकट कडं दिसतं.

खोलीचंही बघा. वरचा पंखा बंद. पंख्याखाली स्पिरिट गोलाकार वाळतं आणि ते गोल कातड्यावर उतरतात. पण दारं-खिडक्या उघड्या हव्यात, कारण वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. उदबत्ती, बिडी, गॅस, समई, काहीच जवळ नको. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आत. ऊन थेट कातड्यावर तर कधीच येऊ देऊ नका. सालीचं कातडं उन्हाने आपोआप गडद होतं, बाभळीचं तर तांबूस होत जातं. अर्ध्या तुकड्यावर खिडकीची उन्हं पडली तर तो अर्धा कायमचा वेगळा दिसेल, मग रंग कितीही चांगला दिलेला असो.

इथपर्यंतचं थोडक्यात: पूर्ण कातडं, थेंब टाकून तपासणी, सगळीकडे सारखी सफाई, रात्रभर मुरवलेली ओल, पातळ रंग, न थांबणारं बोचकं आणि मदतीला दुसरा माणूस. यात महाग म्हणावं असं कातडं सोडलं तर काहीच नाही.

वाळवताना एक गोष्ट फसवते. रंग लावून झाला म्हणजे तो जागच्या जागी बसला, असं होत नाही. द्रव जिथून लवकर उडतो तिकडे तो आतला रंग ओढत नेतो. म्हणूनच कडा काळ्या पडतात, कारण त्या दोन्हीकडून वाळतात. दोरीवर टांगलं तर रंग खाली उतरतो आणि दोरीच्या घडीवर आडवी रेघ राहते. जमिनीवर फरशीवर ठेवलं तर वरची बाजू वाळते आणि खालची ओली राहते. सगळ्यात चांगलं म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर किंवा खाटेच्या जाळीवर सपाट, सावलीत, चोवीस तास तरी. चौकटीचे खिळे वर आलेले नाहीत ना, ते आधी बघा.

वाळल्यावर कोरड्या सुती कापडाने रगडून जास्तीचा रंग काढा. कापडाला रंग लागायचा जवळजवळ थांबेपर्यंत रगडा. हे कंटाळवाणं आहे, पण टेबलावर वकिलांचे पांढऱ्या शर्टाचे कफ टेकणार आहेत. मग नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) अगदी पातळ हात, सगळीकडे सारखा. तेल रंगातला उरलासुरला फरकही काही प्रमाणात बुजवतं, कारण ते एका दिवसात सगळीकडे पसरतं. घरातलं करडईचं किंवा जवसाचं तेल वापरू नका. ही तेलं हवेने घट्ट आणि चिकट होतात, वर धूळ बसते. तेल मुरल्यावर वरचं फिनिश. रंग स्पिरिटचा असेल तर फिनिश पाण्यातलं घ्या. स्पिरिटमधलं लॅकर वर घातलं तर ते खालचा रंग विरघळवून ओढतं आणि एवढी मेहनत पाच मिनिटांत रेघोट्यांत जाते. टेबल म्हटलं की चहाचा कप आलाच, म्हणून ॲक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात आणि वर थोडं मेण.

एअरब्रशबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. त्याची तोटी एवढ्या क्षेत्रफळाला फार लहान आहे, सोळा चौरस फुटांवर तो स्वतःचे पट्टे पाडेल. गॅरेजवाल्यांकडे असते तशी स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर असेल तर गोष्ट वेगळी. वीतभर अंतरावरून, प्रत्येक फेर आधीच्यावर अर्धा चढवत मारला तर रंग सुंदर सारखा बसतो. पण फवाऱ्याचा रंग वरवर राहतो, खरचटलं की आतलं बदामी कातडं दिसतं. म्हणून मी पहिले हात बोचक्यानेच देतो आणि शेवटचा एक हात, गरज वाटली तरच, गनने. गन भाड्याने आणलीत तर तिच्यात जुना थिनर आणि गाडीचा रंग उरलेला नाही याची खात्री करा, आणि तोंडाला साधा रुमाल नाही, वाफ अडवणारा मास्क लावा.

बुडवून रंगवायचं का, असंही काहीजण सुचवतील. हिशोब करून बघा. एवढा तुकडा सपाट बुडवायला लाकडी चौकटीत जाड प्लॅस्टिक टाकून हौद केला आणि फक्त दोन सेंटीमीटर रंग भरला, तरी तीस लिटर लागतो. स्पिरिटचा तीस लिटर उघडा रंग खोलीत ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. बेल्टना, पाकिटांच्या तुकड्यांना बुडवणं छान, टेबलाला नाही. आणि सांगलीत कुणी ना कुणी हळद सुचवतोच. पिवळा रंग मोहक येतो, पण हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो. टेबलाच्या कामात तिचा विचार सोडा.

राहिला तुमचा बिघडलेला तुकडा. पट्टे स्पिरिटच्या फडक्याने, कापड बदलत बदलत, बरेच मऊ करता येतील. दोन फिकट जागाही साफ करून बऱ्याच जुळतील. पोटाची काळी कड मात्र तपकिरीत कधीच लपणार नाही, त्यामुळे याच तुकड्यावर तपकिरीचे आणखी हात देत बसू नका. गिऱ्हाईक काळ्या रंगाला तयार असेल तर वाट आहे, आणि ती जुनी, खात्रीची आहे. भांडी घासायची लोखंडी तार साबणाने धुऊन, तेल काढून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडा-दोन आठवडे भिजत घाला. झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो. पाणी फडक्यातून गाळून घ्या. हेच लोखंड, जे एरवी डाग पाडतं, इथे सगळीकडे सारखं फिरवलं की टॅनिनशी मिळून काही मिनिटांत कातडं आतूनच काळं करतं. वरून बसवलेला रंग नसल्यामुळे पोट आणि पाठ यांतला फरक फार कमी उरतो. नंतर खायच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने, आणि ओलसर असतानाच तेल द्या, नाहीतर कातडं कडक होऊन तडकतं. आधी दिलेला स्पिरिटचा रंग जिथे जाड आहे तिथे हे पाणी हळू शिरेल, म्हणून त्याच तुकड्याच्या कापून टाकायच्या कडेवर आधी करून बघा.

ते जमलं नाही किंवा त्यांना तपकिरीच हवा असेल, तर दुसरं कातडं घ्या आणि त्यांच्याकडून वाढीव आठवडा मागून घ्या. पहिल्या तुकड्याच्या पुठ्ठ्याच्या भागातून बॅगा निघतील. पोटाची बाजू अस्तरात घाला.